क्यूबाकरांची अर्धी गोष्ट

बातमी मला वजनकाट्यावर कळली. माघातली दुपार, उसाच्या गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेलेली आणि काट्यावर बावड्याची एक गाडी उभी. गाडीवान खाली उतरला, बैलांच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मास्तर, तुमचं क्यूबाकर गेलं. परवा. हिवतापानं." मी गाडीचं वजन लिहिलं, चिठ्ठी फाडून त्याच्या हातात दिली, पुढच्या गाडीला हात केला... आणि ती गाडी काट्यावर चढेपर्यंत तो काय म्हणाला हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. शिरलं तेव्हा तो ऊस टाकायच्या गव्हाणीकडे निघून गेला होता. मी खुर्चीवरून उठलो नाही. हंगामात रांग थांबवायची नसते, असं स्वतःला बजावलं. खरं कारण वेगळं होतं. त्या माणसासाठी चारचौघांत डोळे पुसण्याचा हक्क मी दीड वर्षापूर्वीच घालवून बसलो होतो.

तो कसा घालवला हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. गेलेल्या माणसाविषयी चार बरे शब्द लिहावेत अशी रीत आहे. त्यांच्याविषयी बरे शब्द पुष्कळ निघतील. माझ्याविषयी कमी निघतील, आणि तिथं वाचकांनी मला सांभाळून घ्यायचं काही कारण नाही.

त्यांचं खरं नाव दौलती. बारामती तालुक्यातल्या, नीरेकाठच्या एका गावचे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं माझे सोयरे आहेत आणि लग्नाकार्याला मला अजून त्यांच्या पंगतीत बसावं लागतं. मागच्या मोठ्या लढाईत सरकारनं खेचरांच्या तांड्यावर माणसं भरती केली, त्यात विशीतला दौलती बसऱ्याला गेला. तिथं पटकीनं आजारी पडला, तळ हलला, हा मागं राहिला. बरा होऊन उठला तर याचं नाव कुठल्याच यादीत नाही. परतीचं जहाज मिळेना, तेव्हा एका आगबोटीवर कोळसा ओढायला चढला. त्या बोटीनं त्याला जगाच्या पार पलीकडे, जमेका नावाच्या बेटावर नेऊन सोडलं. तिथं आपल्याकडची माणसं आधीच उसाच्या कामावर नेलेली होती. त्यांच्याबरोबर एका हंगामापुरता म्हणून तो शेजारच्या क्यूबा बेटावर ऊस तोडायला गेला आणि चौदा वर्षं राहिला. आधी तोडणीला, मग बॉयलरवर, आणि शेवटी जिथं रसाची साखर होते त्या पॅनवर. एवढं सगळं ते एका वाक्यात उरकत, "पाण्यानं न्हेलं आन् उसानं ठिवलं."

इकडे गावाला सरकारी कागद आला होता, माणूस बेपत्ता. बेपत्ता म्हणजे मेला, असा त्याचा अर्थ लावून घरच्यांनी दहावं-तेरावंही उरकलं होतं.

ते परत आले तेव्हा इंदापूर तालुक्यात आमचा साखर कारखाना नवा उभा राहिला होता. मी शाळेतली नोकरी सोडून काट्यावर कारकून झालो होतो. शाळा सुटली तरी 'मास्तर' हे नाव काही सुटलं नाही. कारखान्यात पॅनवर बसायला आमच्या भागात कुणी तयार नव्हतं, म्हणून उत्तरेकडून माणसं आणलेली. अशात एक दिवस चाळिशीचा, उन्हानं रापलेला माणूस काट्यापाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं मला विचारलं, "मास्तर, हितं मेलेला काळ किती म्हैन्यांचा?"

"मेलेला काळ म्हणजे?"

"कारखाना बंद आन् पोट चालू, त्यो."

क्यूबात गाळप संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंतच्या महिन्यांना हेच नाव आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. मला तो माणूस त्या क्षणी आवडला. साहेबानं त्यांना पॅनवर घेतलं आणि आठ दिवसांत सगळ्या कारखान्यानं त्यांचं बारसं करून टाकलं, क्यूबाकर. ते हसत. म्हणत, "तितं मला समदे 'इंदू' म्हणायचे. हिंदुस्तानचा म्हणून. हितं आलो तर क्यूबाकर. जितं असावं तितलं नाव काय मला लागलंच न्हाय."

दुपारी पाळी सुटली की ते काट्यामागच्या लिंबाखाली येऊन बसत आणि मी त्यांच्याकडून क्यूबा ऐकत असे. मी तेव्हा खादी घालत होतो, प्रभातफेऱ्यांतून घसा बसवून घेत होतो, आणि स्वराज्य म्हणजे काय हे पुस्तकातून शिकत होतो. हा माणूस ते बघून आला होता. त्या लोकांनी स्पेनच्या राजाविरुद्ध तीस वर्षं झगडा केला, ऊस तोडायच्या कोयत्यांनी लढाया केल्या, आणि स्वातंत्र्य हाताशी आलं तेव्हा दारात अमेरिकेचा साहेब येऊन बसलेला. "गोरा गेला आन् गोरा आला. मदी एक झेंडा तेवढा मिळाला," क्यूबाकर म्हणत. कारखाना अमेरिकेचा, रूळ त्याचे, दुकान त्याचं, सभोवारच्या वस्तीचं फाटकसुद्धा त्याचं. माणसं मात्र तिथली. कुणाचा आजा स्पेनचा, कुणाची आजी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली, शेजारच्या खोपटात चिनी. चर्चमधल्या मरियमपुढं मेणबत्ती लावायची आणि मनात आफ्रिकेतल्या आपल्या देवीचं नाव घ्यायचं, असा त्यांचा धर्म. "मालकाला कळायचं न्हाय आत कोण बसलंय," असं सांगताना त्यांना फार मजा वाटे. आपण क्यूबाचे म्हणजे नक्की कोण, हे त्या लोकांना नीट सांगता येत नव्हतं म्हणे. पण ढोल वाजला की सगळ्यांचा पाय एकदम पडायचा. हे सांगताना त्यांचाही पाय हलायचा, लिंबाखाली, धुळीत, आणि आपण हलवतो आहोत हे लक्षात आलं की ते थांबायचे.

तेहेतीस साली राजधानीत संप झाला, जुलमी अध्यक्ष विमानात बसून पळाला, आणि क्यूबाकरांच्या कारखान्यातल्या मजुरांनी कारखाना ताब्यात घेतला. हा भाग मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकला असेल! भोंगा कामगारांनी वाजवला. मालकाच्या माणसाला त्याच्या बंगल्यात बसवून ठेवलं, पण त्याच्या लेकरांचं दूध चुकवलं नाही. दुकानातला तांदूळ आणि काळा घेवडा बाहेर काढून सगळ्यांसाठी एकच चूल पेटवली. नऊ जणांची कमिटी नेमली. त्यात क्यूबाचे होते, जमेकाचा एक होता, हैतीचा एक होता, आणि पॅनवाल्यांतर्फे आमचा नीरेकाठचा दौलती. एकमेकांना हाक मारायची ती 'कंपान्येरो', म्हणजे सोबती. "मास्तर, तीन आठवडं मला कुनी 'कुठला रं तू' म्हणून इचारलं न्हाय," ते म्हणत. "उभ्या जल्मात तेवढंच तीन आठवडं."

आणि मग लॉऱ्या आल्या... नव्या सरकारनं कायदा केला, कामावर निम्मी माणसं तरी क्यूबाची असलीच पाहिजेत. लोकांनी त्यासाठी फटाके उडवले. त्यांची बाजू खोटी नव्हती. पोरं उपाशी असताना मालक बाहेरून स्वस्त माणूस बोटी भरून आणत होता, आणि आपल्याच देशात ते भाडेकरूसारखे राहत होते. देश हातात आल्याबरोबर त्यांनी पहिलं काम केलं ते आपला कोण आणि परका कोण हे वेगळं करण्याचं. हैती आणि जमेकाची माणसं लॉरीत बसवून बंदरावर नेली. क्यूबाकरांचे कागद जमेकाचे, म्हणून त्यांनाही त्याच लॉरीत चढवलं. त्यांची बायको तिथलीच, सहा वर्षांची मुलगी तिथलीच, म्हणून त्या राहिल्या. नावं वाचून दाखवणारा माणूस कमिटीत त्यांच्या शेजारी बसलेला होता. मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?" त्यांनी उसाचं पेर सोलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "त्येंचं बरुबर व्हतं, मास्तर. त्येच तर वाईट."

हे मी ऐकलं होतं. एकदा नाही, दहादा. पुढं जे घडलं त्याला अजाणतेपणाची सबब माझ्यापाशी नाही.

दोन हंगामांपूर्वी आमच्या कारखान्यात कामगारांचा संघ निघाला आणि लिहिता-वाचता येतं म्हणून मी त्याचा चिटणीस झालो. बारा तासांची पाळी होती, गळक्या चाळी होत्या, हात चेचला तर औषधाला कुणी विचारत नव्हतं. संप करायचा ठरला, पण लोक कचरत होते. मला वाटलं, यांना क्यूबाची गोष्ट ऐकवावी. मी क्यूबाकरांना सभेत बोलायला उभं करायचं ठरवलं आणि सभेच्या आधी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "भोंग्यापर्यंत सांगा. चूल सांगा. लॉऱ्यांचं नको. लोकांचा धीर जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्धीच सांगू?"

"सध्या अर्धीच."

त्यांनी अर्धी सांगितली. काय सांगितली म्हणून सांगू! हजारभर माणूस चिडीचूप बसलं होतं, आणि भोंगा वाजल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा आमचे लोक असे ओरडले की साहेबाच्या बंगल्यातले दिवे लागले. दुसऱ्या दिवशी संप झाला. माझी छाती फुगली होती. आता वाटतं, त्या छातीवर तेव्हाच कुणीतरी दगड ठेवायला हवा होता.

मागण्यांचा कागद मी लिहिला. पाच कलमं झाली आणि मंडळींनी सहाव्याचा आग्रह धरला. बारामती तालुक्यातल्या सुप्याकडच्या जिरायत भागातली माणसं कामासाठी फाटकावर बसून असत आणि आत उत्तरेकडची माणसं, हे सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं होतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी भाषा चालली होती. इंदापूरचे म्हणाले, इंदापूर तालुक्यातल्या माणसालाच काम. मी बारामतीचा. मी लेखणी थांबवली आणि म्हणालो, सुप्याचे गरीब लोक काय करतील? मग 'इंदापूर व बारामती तालुक्यांतील रहिवाशांसच' असं लिहिलं, आणि रहिवासी कोण, तर ज्याच्याजवळ गावच्या पाटलाचा दाखला असेल तो, हेही मीच लिहिलं. सुप्याच्या लोकांचं निमित्त होतं. खुर्ची माझी होती.

क्यूबाकर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीवर आले. बसले नाहीत. "मास्तर, सहावं काढा."

मी सांगितलं, लोकांची मागणी आहे. सांगितलं, आधी पाच पदरात पडू देत, मग सहावं सोडून देऊ. सांगितलं, तुम्ही तर बारामती तालुक्याचेच, तुम्हाला काय भीती? ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "त्यात बारामती कुनी घातलं?" मी दौतीचं झाकण लावलं. ते म्हणाले, "न्हाय, मी इचारलं आपलं." आणि गेले.

संप अठरा दिवस चालला. अठराव्या दिवशी मालकानं कागद परत पाठवला. पहिल्या पाच कलमांवर 'विचार करू' असं लिहिलं होतं. सहावं तेवढं पूर्ण मान्य. त्याला त्यात काहीच घालावं लागत नव्हतं, आणि आमच्यातली निम्मी माणसं उरलेल्या निम्म्यांची शत्रू होणार होती. हे मला त्याच दिवशी कळलं. तरीही गुलाल उधळला गेला आणि थोडा माझ्याही कपाळाला लागला.

दाखल्यासाठी मी क्यूबाकरांबरोबर त्यांच्या गावी गेलो. एवढं तरी करावं असं मनात होतं. चावडीत पाटील, गावची पाच-सात माणसं, आणि क्यूबाकरांचे थोरले भाऊ. त्यांना गाव तात्या म्हणतं. परत आल्यावर क्यूबाकर एकदाच घरी गेले होते आणि पायरीवरूनच माघारी फिरले होते, हे मला तेव्हा समजलं. तात्या हात जोडून म्हणाले, "पाटील, आमचा दौलती लढाईत ग्येला. आईनं त्याचा टाक घडवून देव्हाऱ्यात बसवला. अठरा वर्सं रोज अंगूळ घालतुया. आता ह्यो मानूस म्हंतो मी दौलती. मग मी इतकी वर्सं कुनाला पुजलं?" तेवढ्यात तात्यांची बायको घरातून ताम्हन घेऊन आली. ताम्हनात कुंकवानं माखलेला, बोटभर चांदीचा टाक. त्यावर घोड्यावर बसलेल्या माणसाची पुसट आकृती. आपल्याकडे अकाली गेलेल्याचा असा टाक करतात आणि त्याला घरच्या देवांत जागा देतात. त्यात नवल काही नव्हतं. जिवंत माणसाला मात्र मी पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या टाकासमोर उभा पाहत होतो. तात्यांच्या मनात जमिनीची वाटणी होती की देवाचं भय होतं, हे त्या वेळी मला सांगता आलं नसतं. पाटील म्हणाले, "आता तुमीच सांगा. देव्हाऱ्यातला खरा, का फुडं उभा हाय त्यो?"

क्यूबाकरांनी टाक उचलून तळहातावर घेतला. "आईनं घडीवला?"

"व्हय," वहिनी म्हणाली. "सोताच्या पाटल्या मोडून."

त्यांनी तो परत ताम्हनात ठेवला. "मग त्योच खरा," म्हणाले आणि चावडीच्या पायऱ्या उतरू लागले. मी साक्ष देऊ शकलो असतो. हा माणूस मला या गावच्या विहिरी, बांध, मेलेल्या बैलांची नावं सांगत असे, हे मी पाटलाला सांगू शकलो असतो. पण समोर माझे सोयरे बसलेले होते. मी जोडे घातले आणि क्यूबाकरांच्या मागं चालू लागलो.

कमी केलेल्यांची यादी फाटकावर वाचून दाखवायची होती. चिटणीस म्हणून ते काम माझंच. उत्तरेकडचे सगळे त्यात होते आणि शेवटचं नाव दौलती, राहणार ठाऊक नाही. मी ते मोठ्यानं वाचलं. त्या माणसांना बारामतीच्या छोट्या गाडीनं दौंडला पाठवलं. क्यूबाकर त्यांची बोचकी वर चढवायला स्टेशनावर गेले होते, मी गेलो नाही. नंतर ते बावड्याला एका गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून राहिले.

तिथं मी त्यांना एकदाच भेटलो, गेल्या कार्तिकात. वर्षभर धीर झाला नव्हता. काहिलीपाशी उभे होते, तापानं वाळून अर्धे झालेले, डोळे पिवळे. कालव्याचं पाणी आल्यापासून आमच्या भागात हिवतापानं घर केलंय, तो त्यांच्याही अंगात होता. त्यांनी उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळून पाहिली आणि काहील उतरवायला सांगितली. मग मला रस दिला. मी माफी मागायला गेलो होतो. काहीतरी पुटपुटलोही. त्यांनी हातानंच थांबवलं. म्हणाले, "तितं नावं वाचणारा रडत व्हता, मास्तर. तुमी रडला न्हाय. बरं झालं. रडून लॉरी थांबत न्हाय." त्यात टोमणा होता का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. निघताना त्यांनी विचारलं, क्यूबाला पत्र घालायचं तर टपाल कुठून जातं. मुलगी आता अकरा-बारा वर्षांची झाली असेल म्हणाले. मी चौकशी करतो म्हणालो, आणि केली नाही. हंगाम सुरू झाला होता.

बावड्याच्या लोकांनीच त्यांना नदीकाठी अग्नी दिला. पंधरा दिवसांनी तात्या माझ्याकडे आले. त्यांना विचारायचं होतं की, त्या माणसानं मरण्याआधी काही कागद करून ठेवलाय का, वाटणीबिटणीचा. नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. बायकोनं रीतीप्रमाणं गूळपाणी आणून ठेवलं. तात्यांनी खडा तोंडात टाकला आणि सवयीनं म्हणाले, "गूळ झ्याक हाय. कुठला म्हणायचा?"

"बावड्याचा," मी म्हणालो. "शेवटच्या आधणातली ढेप गुऱ्हाळवाल्यानं माझ्याकडे धाडली. तुमच्या दौलतीनं केलेली."

तात्यांचं तोंड हलायचं थांबलं. खडा गालात तसाच राहिला. थुंकावा तर माझं घर, गिळावा तर... मग गिळला. पाणी प्यायले. उठून दाराशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "मास्तर, त्यो घरी आला ना, तवा मी पायरीवरनंच वळखला व्हता."

मी त्यांना कुठल्या तोंडानं बोलणार? सहावं कलम लिहिताना मीही सगळं ओळखूनच लिहिलं होतं. तात्यांनी थोडा गूळ मागून घेतला, पोरांसाठी म्हणून, उपरण्याच्या टोकाला बांधला आणि ते उन्हात चालते झाले.

ढेप अजून आमच्या फळीवर आहे, अर्धीअधिक. येईल त्याला बायको तीच फोडून देते, आणि गूळ कुठला, हे येणारा विचारतोच. मग मी त्यांचं नाव सांगतो, इथं लिहायला कचरलो ते गावाचंही सांगतो, आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगतो. काही गाळत नाही. भोंग्यापर्यंत माणसं रंगून ऐकतात. लॉऱ्या आल्या की बहुतेकांना कामं आठवतात.